‘७/१२’ नावाची फाईल सेव्ह का होत नाही? आणि त्या तिरक्या रेघेमुळे अख्खं दफ्तर कसं पुसलं जाऊ शकतं?

विंडोज कॉम्प्युटरवर एक कोरी फाईल उघडा आणि तिला ‘७/१२’ असं नाव देऊन सेव्ह करून बघा.

होणार नाही. नावात हे चिन्ह चालत नाही, असं कॉम्प्युटर सांगेल. लिनक्सवर केलंत तर वेगळाच प्रकार घडेल. तो ‘७’ नावाचं फोल्डर शोधायला जाईल आणि त्या फोल्डरमध्ये ‘१२’ नावाची फाईल ठेवायचा प्रयत्न करेल.

महाराष्ट्रात शेतकऱ्याच्या घरातल्या सगळ्यात महत्त्वाच्या कागदाचं नावच असं आहे की ते कॉम्प्युटरला जसंच्या तसं लिहिता येत नाही. गाव नमुना ७ म्हणजे हक्काची नोंद आणि गाव नमुना १२ म्हणजे पिकांची नोंद. दोन्ही एकत्र आले आणि मध्ये तिरकी रेघ आली. कॉम्प्युटरच्या भाषेत मात्र ही रेघ, म्हणजे स्लॅश, ‘या फोल्डरच्या आत’ असं सांगते.

वरवर ही गंमत वाटते. पण नाव किंवा पत्ता न तपासता पुढे चाललेल्या प्रोग्रॅमने जगात कुठे कुठे काय केलंय, हे पाहिलं की ती गंमत राहत नाही. जपानमध्ये एका विद्यापीठाचा ७७ टेराबाईट डेटा गेला. गेम खेळणाऱ्या एकाच्या मालकीच्या सगळ्या फाईली गेल्या, बॅकअपसकट.

हे आत्ता समजून घ्यायचं कारण असं की, अशा छोट्या स्क्रिप्ट आता फक्त आयटीवाले लिहीत नाहीत. ग्रामपंचायतीचे संगणक परिचालक, सेवा केंद्र चालवणारे, झेरॉक्सच्या दुकानातली मुलं, सगळेच एआयला सांगतात, ‘हे हजार स्कॅन गावाप्रमाणे लावून दे’. दहा सेकंदांत स्क्रिप्ट तयार होते. ती चालते सुद्धा. चुकीचा पत्ता दिला तर ती काय करेल, हे मात्र सहसा कुणी विचारत नाही.

पाथ म्हणजे नेमकं काय?

कॉम्प्युटरमधली प्रत्येक फाईल एका पत्त्यावर राहते. त्या पत्त्याला पाथ म्हणतात. ‘/दफ्तर/मुरबाड/वैशाखरे’ हा एक पाथ झाला. मुळापासून सुरुवात करा, दफ्तर फोल्डरमध्ये जा, मग मुरबाड, मग वैशाखरे.

यात तीन चिन्हं लक्षात ठेवण्यासारखी आहेत. सुरुवातीला एकटी ‘/’ असेल तर ते झाडाचं मूळ, त्याच्या वर काही नाही. ‘..’ म्हणजे दोन टिंबं असतील तर ‘एक पायरी वर जा’. आणि ‘*’ म्हणजे ‘इथलं सगळं’.

शेल स्क्रिप्ट म्हणजे कॉम्प्युटरला एकामागून एक द्यायच्या हुकमांची यादी. फोल्डर बनव, फाईली हलव, जुन्या पुसून टाक. बहुतेक वेबसाईट ज्या सर्व्हरवर चालतात तिथली रात्रीची झाडलोट, बॅकअप वगैरे कामं अशाच स्क्रिप्ट करतात. शेल अतिशय आज्ञाधारक असतो आणि इथेच गोम आहे. ‘खरंच पुसू का?’ असं तो विचारत नाही, आणि पुसलेलं रिसायकल बिनमध्येही जात नाही.

वैशाखऱ्याचं एक उदाहरण घेऊ

मुरबाडहून माळशेजकडे जाताना टोकावडे सोडलं की वैशाखरे लागतं. समजा, या परिसरातल्या गावांच्या जमिनीची जुनी कागदपत्रं स्कॅन करून लावायचं काम एखाद्या केंद्रात चाललंय. (हे उदाहरण काल्पनिक आहे. पण ठाण्यासह काही जिल्ह्यांचे जुने अभिलेख स्कॅन करून ऑनलाईन ठेवले गेले आहेत, ते काम खरं आहे.) स्क्रिप्ट दोन गोष्टी विचारते. गावाचं नाव आणि गट नंबर. त्यावरून ती फोल्डर तयार करते आणि स्कॅन त्यात टाकते.

परिचालकाने गट नंबर टाकला, ४५/२.

स्क्रिप्टने तो तसाच वापरला तर ४५ नावाच्या फोल्डरच्या आत २ नावाचं फोल्डर तयार होईल. पोटहिस्सा ४५/२/अ असेल तर त्याच्या आत आणखी एक. आता ४५/२ च्या मालकाची कागदं ‘४५’ च्या पोटात आहेत. उद्या कुणी ४५ चं काम संपलं म्हणून ते फोल्डर पुसलं, तर ४५/२ आणि ४५/२/अ पण गेले. पुसणाऱ्याला ते कळणारही नाही.

मग हुशार माणूस म्हणतो, स्लॅश काढून टाकू. एआयसुद्धा बऱ्याचदा हेच सुचवतो, ‘नको असलेली चिन्हं गाळून टाका’. इथे खरा घोळ होतो. ४५/२ मधली रेघ गाळली की उरतं ४५२. आणि ४५२ हा वेगळाच गट असू शकतो, वेगळ्या खातेदाराचा. त्याहून वाईट म्हणजे १/१२ आणि ११/२ ही दोन्ही गाळून ११२ होतात. तीन वेगळ्या जमिनींची कागदं एका फोल्डरमध्ये, आणि एकाच नावाची फाईल असेल तर दुसरी पहिलीवर लिहिली जाणार. स्क्रिप्ट कुठलीही चूक दाखवणार नाही. शेवटी ‘काम पूर्ण’ असंच लिहून येईल.

सातबाऱ्यावर नुसती लेखनाची चूक राहिली तरी ती दुरुस्त करायला महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम १५५ खाली अर्ज करावा लागतो. ज्यांनी ते केलंय त्यांना माहीत आहे की त्यासाठी तहसीलच्या किती फेऱ्या होतात. मूळ कागद रेकॉर्ड रूममध्ये शाबूत असला तरी, स्क्रीनवर दिसणारा कागद कुणाचा आहे हे सिद्ध करायचं ओझं शेवटी खातेदारावर येतं.

म्हणून पहिला नियम असा की चुकीचं वाटणारं नाव ‘दुरुस्त’ करायचं नाही, ते नाकारायचं. किंवा मग बदल असा करायचा की दोन वेगळी नावं कधीच एक होणार नाहीत. उदाहरणार्थ स्लॅशऐवजी आडवी रेघ, आणि मूळ नंबरात आडवी रेघ आलीच तर सरळ नकार.

एकही अक्षर न लिहिता सगळं कसं गेलं?

जानेवारी २०१५. व्हॉल्व्ह कंपनीच्या स्टीम या गेमिंग प्लॅटफॉर्मच्या लिनक्स आवृत्तीबद्दल एका वापरकर्त्याने तक्रार नोंदवली. त्याने स्टीमचं फोल्डर दुसऱ्या ड्राईव्हवर हलवलं होतं. स्टीम सुरू केलं, आणि त्याच्या मालकीच्या सगळ्या फाईली पुसल्या गेल्या. बॅकअपसाठी जोडलेली बाहेरची हार्ड डिस्कही सुटली नाही.

कारण सापडलं ते एका ओळीत. स्टीमच्या स्क्रिप्टमध्ये आधी स्टीमचं फोल्डर कुठे आहे ते शोधून एका व्हेरिएबलमध्ये ठेवलं जायचं, आणि पुढे कधीतरी ‘त्या फोल्डरमधलं सगळं पुसून टाक’ असा हुकूम होता. म्हणजे ‘फोल्डरचं नाव’, त्यापुढे ‘/’ आणि त्यापुढे ‘*’. फोल्डर सापडलं नाही तर व्हेरिएबल रिकामं राहायचं. मग उरायचं काय? ‘/*’. मुळापासूनचं सगळं.

त्या ओळीच्या वर प्रोग्रॅमरने स्वतःच इंग्रजीत टीप लिहून ठेवली होती, ‘स्केअरी!’ म्हणजे भीतीदायक! भीती वाटली, पण तपासणी लिहिली नाही.

लिनक्समध्ये पुसण्याची कमांड ‘/’ हे मूळ थेट पुसायला नकार देते, ही सोय बरीच जुनी आहे. मग ती इथे का कामी आली नाही? कारण ‘*’ दिसला की शेल आधी मुळाखालच्या फोल्डरांची यादी बनवतो आणि ती यादी पुसणाऱ्या कमांडला देतो. कमांडला ‘मूळ पुस’ असं कुणी सांगितलेलंच नसतं. वेगवेगळी वीस फोल्डरं पुसायला सांगितलेली असतात, आणि ती ते निमूट करते.

आता पुन्हा आपल्या केंद्रात या. बाहेर रांग आहे, वीज जाऊन आलीय, स्क्रिप्टने गावाचं नाव विचारलं आणि घाईत नुसतं एंटर दाबलं गेलं. ‘/दफ्तर/तात्पुरते/’ च्या पुढे गावाचं नाव रिकामं. वैशाखऱ्याचे तात्पुरते स्कॅन पुसायचे होते, पुसले गेले सगळ्या गावांचे.

यावरचा उपाय अक्षरशः दोन चिन्हांचा आहे. शेलमध्ये व्हेरिएबलच्या नावापुढे ‘:?’ लावलं की ते रिकामं असेल तर स्क्रिप्ट तिथेच थांबते. बरेच जण ‘सेट -यू’ ही सेटिंग लावून निर्धास्त होतात. ती सेटिंग लावावीच, पण ती फक्त अजिबात न ठरवलेलं व्हेरिएबल पकडते, ठरवलेलं पण रिकामं असलेलं नाही. स्टीमचं व्हेरिएबल ठरवलेलं होतं. त्यात काही नव्हतं, इतकंच.

एका स्पेसची किंमत

नोव्हेंबर २००१ मध्ये ॲपलने आयट्यून्स २.० आणलं आणि काही वापरकर्त्यांच्या ड्राईव्ह साफ झाल्या. इन्स्टॉलर जुनं आयट्यून्स पुसून नवं टाकायचा. पण ड्राईव्हच्या नावात स्पेस असेल तर शेल त्या नावाचे दोन तुकडे करायचा, आणि पहिला तुकडा म्हणजे दुसरीच ड्राईव्ह निघायची. ॲपलने तो इन्स्टॉलर मागे घेतला आणि २.०.१ आणलं. पुढे २०११ मध्ये बम्बलबी नावाच्या लिनक्सच्या एका छोट्या प्रोग्रॅममध्ये एका पाथमध्ये चुकून एक स्पेस जास्त पडली आणि लोकांच्या कॉम्प्युटरवरचं ‘/यूएसआर’ हे फोल्डर, ज्यात बहुतेक सगळे प्रोग्रॅम असतात, तेच उडालं.

आपल्याकडे फोल्डरांची नावं कशी असतात? ‘नमुना ८’, ‘घरपट्टी २०२४ नवीन’, ‘साहेबांना दाखवणे’. सगळीकडे स्पेस. पाथ असलेलं व्हेरिएबल दुहेरी अवतरण चिन्हांत ठेवलं नाही, तर ‘नमुना ८ पुस’ याचा अर्थ शेल ‘नमुना पुस आणि ८ पुस’ असा लावतो. ‘नमुना’ नावाचं दुसरं फोल्डर शेजारी असेल तर ते गेलं. अवतरण चिन्हं घालायला खर्च शून्य. तरीही ही सगळ्यात जास्त वेळा होणारी चूक असावी, असं मला वाटतं. स्पेस नसलेल्या नावांवर ती कधीच दिसत नाही, म्हणून.

दोन टिंबं आणि भिंतीवरून उडी

आतापर्यंतच्या चुका अनवधानाने होणाऱ्या. आता मुद्दाम करणाऱ्याकडे वळू.

समजा एखादी वेबसाईट फाईलचं नाव घेते आणि ‘/सार्वजनिक/’ फोल्डरमधली ती फाईल दाखवते. कुणी नावाच्या जागी ‘../../गुपित’ असं लिहिलं तर? दोन पायऱ्या वर, मग गुपित फोल्डरमध्ये. तपासणी नसेल तर सर्व्हर ती फाईल उघडून देतो. याला पाथ ट्रॅव्हर्सल म्हणतात. मराठीत सांगायचं तर फाटकातून न जाता कुंपणावरून उडी.

हे फक्त नवशिक्यांचं होतं असं नाही. जगातल्या सगळ्यात जास्त वापरल्या जाणाऱ्या वेब सर्व्हरपैकी एक म्हणजे अपाचे. ऑक्टोबर २०२१ मध्ये त्याच्या २.४.४९ या आवृत्तीत नेमकं हेच भगदाड सापडलं. दोन टिंबं सरळ लिहिली तर अपाचे अडवायचा. पण एका टिंबाऐवजी त्याचा सांकेतिक आकडा लिहिला की तपासणी फसायची, आणि काही विशिष्ट सेटिंग असलेल्या सर्व्हरवरच्या बाहेरच्या फाईली वाचता यायच्या. ४ ऑक्टोबरला २.४.५० आलं. त्यातही कसर राहिली, कारण सांकेतिक आकड्याचाही सांकेतिक आकडा लिहिता येत होता. ७ ऑक्टोबरला २.४.५१ आणावं लागलं.

शब्द चाळून अडवायची पद्धत किती फसवी आहे याचं आणखी सोपं उदाहरण हे घ्या. एखाद्या स्क्रिप्टने ‘../’ दिसलं की काढून टाकायचं ठरवलं. मग हल्लेखोर लिहितो ‘....//’. त्यातून मधलं ‘../’ काढलं की उरतं काय? ‘../’. गाळणी स्वतःच विष तयार करून देते. मघाचा ४५/२ आणि ४५२ चा घोळ आठवा. जात तीच आहे.

२ मे २०२४ रोजी अमेरिकेच्या सिसा आणि एफबीआय या संस्थांनी सॉफ्टवेअर कंपन्यांना उद्देशून यावर खास इशारा काढला. प्रत्यक्ष हल्ल्यांमध्ये वापरल्या गेलेल्या त्रुटींच्या सिसाच्या यादीत तेव्हा या एका प्रकारच्या ५५ होत्या. आणि २००७ पासूनच या चुकीला ‘अक्षम्य’ म्हटलं जातंय, असंही त्यात नमूद होतं.

तुमच्या लॅपटॉपपर्यंतही हे येतं. विनरार अनेकांकडे असतं. २०२५ च्या जुलैमध्ये त्यातली अशीच एक त्रुटी सुरक्षा संशोधकांना सापडली. नोकरीच्या अर्जासारखी दिसणारी फाईल पाठवायची, ती उघडली की आतली एक फाईल तुम्ही निवडलेल्या फोल्डरमध्ये न जाता वर उड्या मारत विंडोजच्या स्टार्टअप फोल्डरमध्ये जाऊन बसायची. पुढच्या वेळी कॉम्प्युटर सुरू झाला की ती आपोआप चालू. आवृत्ती ७.१३ मध्ये हे बंद झालं. पण विनरार आपणहून अपडेट होत नाही. त्यामुळे तुमच्याकडे कुठली आवृत्ती आहे, हे हा लेख संपल्यावर बघून घ्या.

‘सातबाऱ्या’तला ऱ्या

एक अडचण खास आपली आहे. इंग्रजी मदत-लेखांत ती सहसा सापडत नाही, आणि एआयने दिलेल्या स्क्रिप्टमध्येही बहुधा तिचा विचार नसतो.

‘सातबाऱ्यावर’ किंवा ‘वैशाखऱ्याची’ या शब्दांतला ‘ऱ्या’ कॉम्प्युटरमध्ये दोन वेगळ्या प्रकारे साठवता येतो. एका प्रकारात ‘ऱ’ हे स्वतंत्र अक्षर घेऊन त्याला हलन्त आणि मग ‘या’. दुसऱ्या प्रकारात साधा ‘र’, हलन्त, मग डोळ्यांना न दिसणारं एक जोडचिन्ह आणि ‘या’. स्क्रीनवर दोन्ही सारखेच दिसतात. कोणता कीबोर्ड वापरता त्यावर कुठला प्रकार पडतो हे ठरतं. कॉम्प्युटरसाठी मात्र ही दोन वेगळी नावं आहेत.

म्हणजे सकाळी एकाने मोबाईलवरून आणि दुपारी दुसऱ्याने ऑफिसच्या कॉम्प्युटरवरून ‘वैशाखऱ्याची कागदं’ लिहिलं, तर एकसारख्या दिसणाऱ्या नावाची दोन फोल्डरं तयार होऊ शकतात. अर्धे कागद इकडे, अर्धे तिकडे. युनिकोड एकसारखं करण्याची जी प्रमाणित पद्धत आहे ती हे न दिसणारं जोडचिन्ह काढत नाही. ते स्क्रिप्टमध्ये वेगळं हाताळावं लागतं.

अंकांचंही तसंच. मराठी ४५ आणि इंग्रजी आकड्यांतले पंचेचाळीस ही कॉम्प्युटरसाठी वेगळी चिन्हं आहेत. ‘फक्त अंक चालतील’ अशी तपासणी बहुतेक वेळा इंग्रजी अंकच ओळखते. ती मराठी ४५ नाकारते, आणि परिचालकाला वाटतं स्क्रिप्ट बिघडली. मग तो काय करतो? तपासणीची ओळच काढून टाकतो. हे मी होताना पाहिलंय.

यावर सोपा उपाय असा की नाव टाईपच करू द्यायचं नाही. गावांची यादी दाखवायची, माणसाने क्रमांक निवडायचा, आणि फोल्डरचं नाव स्क्रिप्टने स्वतःच्या यादीतून घ्यायचं. सिसा आणि एफबीआयच्या त्या इशाऱ्यातही पहिली सूचना याच धाटणीची आहे. वापरणाऱ्याने दिलेलं नाव फाईलला देऊच नका, फाईलला स्वतःचा एक निराळा क्रमांक द्या आणि कुठला क्रमांक कशाचा ते वेगळं नोंदवून ठेवा. सातबाऱ्यावर अलीकडे भू-आधार क्रमांक छापला जातो. त्यात स्लॅशही नाही आणि ऱ्याही नाही.

मग तपासायचं कधी आणि कसं?

वैशाखऱ्याच्या थोडं पुढे गेलं की नाणेघाटाची वाट फुटते. कोकणातून जुन्नरकडे जाणारा हा सातवाहनकाळापासूनचा व्यापारी मार्ग. लेण्यात नागनिका राणीचा लेख आहे, ज्यातले अंक भारतातल्या सर्वांत जुन्या अंकलेखनात धरले जातात. आणि वर, घाटाच्या माथ्यावर, दगडी रांजण आहे. जकात त्यात टाकली जायची असं सांगतात. रांजण कुठे आहे ते बघा. पायथ्याशी नाही, जिथून माणूस आणखी चार वाटांनी जाऊ शकतो. सगळ्या वाटा जिथे एक होतात, त्या तोंडाशी आहे.

पाथची तपासणीही अशीच शेवटच्या तोंडाशी, सगळ्या आडवाटा उलगडून झाल्यावर करायची असते. अपाचेची चूक हीच होती. सांकेतिक आकडे पूर्ण उलगडायच्या आधीच तपासणी झाली.

आधी नाव रिकामं आहे का ते बघायचं. मग त्यात फक्त परवानगी दिलेलीच अक्षरं आहेत का. ‘काय चालणार नाही’ याची यादी कधीच पूर्ण होत नाही, म्हणून ‘काय चालेल’ याची यादी करायची. नाव आडव्या रेघेने सुरू होत असेल तर नकार, कारण कमांड त्याला फाईल न समजता पर्याय समजते. कमांड आणि नाव यांच्यामध्ये ‘--’ लिहिलं की ‘यापुढे पर्याय नाहीत, फक्त नावं आहेत’ असं तिला कळतं, तेही लावून ठेवावं.

त्यानंतरची पायरी सगळ्यात महत्त्वाची आणि नेमकी तीच गाळली जाते. ‘रिअलपाथ’ नावाची एक कमांड आहे. ती दिलेल्या पत्त्यातली दोन टिंबं उलगडते, शॉर्टकटसारख्या सिमलिंक असतील तर त्या जिथे नेतात तिथवर जाते, आणि खरा पूर्ण पत्ता हातात देते. तपासायचा तो हा पत्ता, माणसाने लिहिलेला नव्हे. तो आपल्या ठरलेल्या फोल्डरच्या आत आहे का? आत असेल तर पुढे, नाहीतर थांबा.

‘आत आहे का’ हे बघतानाही एक बारीक खोच आहे. पत्त्याची सुरुवात ‘/दफ्तर/वैशाखरे’ ने होते का, एवढंच पाहिलं तर ‘/दफ्तर/वैशाखरे-जुने’ हेही पास होतं. कारण त्याचीही सुरुवात तीच. म्हणून तुलना शेवटच्या स्लॅशसकट करायची, ‘/दफ्तर/वैशाखरे/’. आणि रिअलपाथ अयशस्वी झाली, रिकामं उत्तर आलं, तर? तिथेही थांबायचं. स्टीमला विसरू नका.

मग ते खरंच फोल्डर आहे की फाईल, लिहायची परवानगी आहे का, हे बघायचं. आणि पुसायचं असेल तर थेट पुसायचं नाही. आधी काय काय पुसलं जाईल त्याची यादी दाखवायची, मग ते बाजूच्या एका फोल्डरमध्ये हलवायचं, आणि महिनाभराने ते फोल्डर साफ करायचं. डिस्कवर जागा लागते, कबूल. पण हार्ड डिस्क नव्याने घेता येते, वर्षभर केलेलं स्कॅनिंग पुन्हा करायला माणसं मिळत नाहीत.

७७ टेराबाईट कसे गेले?

हे सगळं केलं तरी एक फट उरते. ती क्योटो विद्यापीठात दिसली.

१४ डिसेंबर २०२१ च्या संध्याकाळपासून १६ डिसेंबरच्या दुपारपर्यंत क्योटो विद्यापीठाच्या सुपरकॉम्प्युटरवरच्या सुमारे ३ कोटी ४० लाख फाईली पुसल्या गेल्या. एकूण ७७ टेराबाईट. १४ संशोधन गटांना फटका बसला, त्यातल्या चार गटांचा डेटा बॅकअपमधूनही परत आणता आला नाही. सिस्टीम सांभाळणाऱ्या ह्युलेट पॅकार्डच्या जपानी कंपनीने पूर्ण जबाबदारी घेतली.

झालं असं की बॅकअपच्या स्क्रिप्टमध्ये दहा दिवसांपेक्षा जुन्या लॉग फाईली पुसण्याचं काम होतं. स्क्रिप्ट वाचायला सोपी व्हावी म्हणून व्हेरिएबलची नावं बदलून सुधारित स्क्रिप्ट टाकली. पण टाकली ती जुनी स्क्रिप्ट चालू असतानाच. शेल स्क्रिप्ट एकदम पूर्ण वाचून घेत नाही, चालता चालता वाचतो. त्यामुळे अर्धी जुनी झाल्यावर पुढची अर्धी नवी वाचली गेली. नव्या नावांचे व्हेरिएबल कुणी ठरवलेच नव्हते, ते रिकामे. लॉगच्या फोल्डरऐवजी डेटाचं फोल्डरच पुसायला घेतलं गेलं.

सुधारणा चांगल्या हेतूने होती, कोड आधीपेक्षा स्वच्छ होता. तरी तपासणी आणि कृती यांच्या मधल्या वेळात पायाखालची जमीन बदलली. म्हणूनच चालू असलेल्या स्क्रिप्टला कधी हात लावायचा नाही, आणि पुसणाऱ्या प्रत्येक ओळीच्या लगेच आधी, त्याच ओळीत जमलं तर उत्तम, व्हेरिएबल रिकामं नाही ना ते बघायचं.

एआय लिहितो, जबाबदार कोण?

जुलै २०२५ मध्ये एका वापरकर्त्याने गुगलच्या जेमिनी सीएलआय या एआय साधनाला फाईली नव्या फोल्डरमध्ये हलवायला सांगितलं. त्याने नंतर केलेल्या विश्लेषणानुसार नवं फोल्डर तयारच झालं नव्हतं, पण एआयने ते झालं असं धरलं. विंडोजमध्ये नसलेल्या फोल्डरकडे फाईल हलवली की तिचं नावच तसं होतं. मग दुसरी फाईल त्याच नावाने पहिलीवर, तिसरी दुसरीवर. शेवटी एकच उरली. फोल्डर खरंच आहे का, हे बघणारी एक ओळ असती तर हे टळलं असतं. त्याच वर्षाच्या अखेरीस गुगलच्याच अँटिग्रॅव्हिटी या साधनाने कॅशेचं एक फोल्डर पुसायच्या ऐवजी आपली अख्खी डी ड्राईव्ह पुसल्याची तक्रार आणखी एकाने केली.

एआयला दोष देऊन उपयोग नाही, माणसं हेच २००१ पासून करत आली आहेत. फरक वेगाचा आणि संख्येचा आहे.

कायद्याच्या बाजूनेही चित्र बदलतंय. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ चा, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले. लोकांची माहिती सांभाळणाऱ्याने वाजवी सुरक्षा ठेवली नाही तर २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. ही जबाबदारी नियमांनंतर १८ महिन्यांनी लागू होते, म्हणजे मे २०२७ च्या सुमारास. छोट्या केंद्रावर एवढा दंड कुणी लावेल असं मला वाटत नाही. पण आधार, सातबारा, बँक पासबुक यांच्या प्रती ज्यांच्या फोल्डरांत पडून आहेत, त्यांना ‘स्क्रिप्ट एआयने लिहिली होती’ हे उत्तर पुरणार नाही, एवढं दिसतंय.

तुमच्याकडे अशी एखादी स्क्रिप्ट असेल तर तिची आणि चार-पाच फालतू फाईलींची वेगळ्या कॉम्प्युटरवर किंवा पेन ड्राईव्हवर एक नक्कल करा. गावाचं नाव विचारलं की एकदा नुसतं एंटर दाबा. एकदा फक्त स्पेस द्या. एकदा ‘..’ लिहा, एकदा ‘*’, एकदा आडव्या रेघेने सुरू होणारं नाव. गट नंबर म्हणून ४५/२ द्या आणि मग ४५२, दोन्हीचे कागद वेगळे राहतात का बघा. शेवटी ‘वैशाखऱ्याची’ हा शब्द मोबाईलवर टाईप करून स्वतःलाच व्हॉट्सॲप करा, कॉम्प्युटरवर टाईप केलेल्या त्याच शब्दाशेजारी तो कॉपी-पेस्ट करा, आणि दोन्ही नावांनी फोल्डर बनवून पाहा, एक बनतं की दोन.